खानदेशातलं एक जुनं टॉकीज : छप्पर उतरण्याआधी मोजून घेऊ या

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

पूर्व खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या बाजारपेठेच्या टोकाला एक बंद पडलेलं टॉकीज आहे. मालकांच्या सांगण्यावरून गावाचं आणि टॉकीजचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही लिहू नये, ही विनंती. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे उतरवायचं ठरलंय. पत्रे गेले की आतलं लाकूड एक-दोन पावसाळ्यांपलीकडे टिकणार नाही. मालकांना बोल लावायला हा धागा नाही. घरपट्टी, डागडुजी, भावाभावांतल्या वाटण्या हे सगळं निभावून त्यांनी इतकी वर्षं इमारत उभी ठेवली, आणि "पाडण्याआधी काय मोजायचं, काय काढायचं ते काढून घ्या" हेही त्यांनीच म्हटलं.

इथल्या जाणत्यांना मला विचारायचंय ते असं, की ही इमारत वाचायची कशी?

रस्त्यावरून पाहिलं तर दर्शनी भाग सिमेंटच्या गिलाव्याचा. मधोमध टप्प्याटप्प्यानं चढत गेलेला मनोरा, त्यावर तीन उभ्या पट्ट्या, दोन्ही कोपऱ्यांना गोलाई, खिडक्यांवर लांबच लांब पातळ छज्जे. बाजूच्या गल्लीत शिरलं की मात्र वेगळीच इमारत समोर येते. काळ्या दगडाची, चुन्यातली, दोन फुटांना जराशी कमी जाडीची भिंत. तिच्यात ओळीनं कमानी खिडक्या, आणि त्या सगळ्या विटांनी बुजवलेल्या. आतली जागा ७८ फूट लांब, ४२ फूट रुंद. पडद्यामागे २२ फूट खोल लाकडी रंगमंच, त्याच्या फळ्यांत एक चौकोनी झडप. छपराखालच्या तुळईला लाकडी कप्प्या अजून लटकलेल्या आहेत.

गावात सगळे सांगतात, "चाळीस सालच्या आसपासचं." रस्त्यावर उभं राहून ते पटतं, गल्लीत उभं राहिलं की पटत नाही.

जिनिंगवाला

छान धागा. दादा, कैच्यांचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटींचे, फोटो जवळून टाका. लाकडी आहेत का लोखंडी? आमच्या घरी तीन पिढ्या जिनिंगचं काम आहे. जळगाव, धरणगाव, पाचोरा पट्ट्यातल्या जुन्या जिनिंगच्या शेडी आणि जुनी टॉकीजं यांची अंगकाठी मला कायम एकच वाटत आलीय. दगडी भिंती, मध्ये एकही खांब नको, म्हणून मोठ्या गाळ्याच्या कैच्या आणि वर उतरतं छप्पर. ज्या सुताराला कापसासाठी ४० फुटांचा गाळा टाकता येत होता, त्यालाच प्रेक्षकांसाठीही टाकता येणार. पैसाही बहुतेक कापसाचाच असणार. आमच्याकडे हंगाम झाला की हातात पैसा यायचा आणि मग गावात नाटक, तमाशा, सिनेमा सगळं चालायचं.

लाकडी कैची असेल तर सांध्यावर लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट दिसतील. बोल्टाचं डोकं चौकोनी आहे का षट्कोनी तेही बघा. जुन्या कामात चौकोनी जास्त सापडतात.

रेखाटन

मी मूळची धुळ्याची, व्यवसायानं वास्तुरचनाकार, सध्या पुण्यात. वर्णन वाचून राहवेना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तापीकाठ, तुम्हाला दोन इमारती दिसतात कारण त्या बहुधा दोनच आहेत. मागची नाटकघराची, पुढची सिनेमाची. २२ फूट खोल रंगमंच सिनेमाला कशाला लागेल? पडद्यामागे भोंगे ठेवायला चार-पाच फूट पुष्कळ झाले. फळ्यांतली झडप, वरच्या कप्प्या आणि ती खोली ही संगीत नाटकांच्या काळातली सामग्री आहे. गुंडाळून वर जाणारे रंगवलेले पडदे त्या कप्प्यांवरून ओढले जात. नाटक मंडळ्या गावोगाव मुक्काम करून खेळ लावायच्या, तेव्हा अशा जागा त्यांना लागतच.

नाटकघराचं चित्रपटगृह होणं ही त्या काळची सरळ रीत होती. मुंबईत बोरीबंदरसमोरचं कॅपिटॉल १८७९ साली गेईटी नावाचं नाटकघर म्हणून बांधलं गेलं. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि लगेच त्याच महिन्यात ते खेळ नॉव्हेल्टी या नाटकघरात हलले. म्हणजे आपल्याकडे सिनेमा पहिल्या महिन्यापासून नाटकाच्या घरात भाड्यानं राहिला. फ्रान्समध्ये ला सिओता गावातलं एडन हे १८८९ चं नाटकघर. ल्युमिएर कुटुंबाचं त्या गावात घर होतं. पुढे तिथे चित्रपट दाखवले जाऊ लागले, मग ते बंद पडलं, कित्येक वर्षं तसंच राहिलं आणि २०१३ साली दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. आज ते जगातल्या सर्वांत जुन्या चित्रपटगृहांपैकी एक मानलं जातं, आणि ते काही मोठ्या राजधानीत नाही, एका लहान बंदराच्या गावात आहे.

आता पुढच्या भागाबद्दल. टप्प्यांचा मनोरा, उभ्या पट्ट्या, गोल कोपरे, भुवईसारखे छज्जे ही आर्ट डेको या वास्तुशैलीची भाषा. मुंबईत रीगल १९३३ चं, इरॉस आणि मेट्रो १९३८ ची. तिथून ती तऱ्हा जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांपर्यंत आली. पण एक फरक लक्षात घ्या. इरॉसचा गोल मनोरा कोपऱ्यावरच्या भूखंडातून उगवलेला आहे, आतली रचना आणि बाहेरचा आकार एकमेकांत गुंतलेले आहेत. आपल्याकडच्या टॉकीजांत बहुतेक वेळा ही एकच भिंत असते, मागच्या उतरत्या छपराला झाकणारी. तिला कमी लेखायचं कारण नाही. गावातल्या गवंड्यानं सिमेंट आणि सळई नवी नवी हातात आल्यावर तीन-साडेतीन फुटांचा छज्जा आधाराशिवाय बाहेर काढणं हे धाडसाचंच काम होतं.

काळ ठरवायला या गोष्टी तपासा. बाल्कनीखालचे लोखंडी गर्डर उघडे असतील तर त्यांच्या पोटावर उठावात कारखान्याचं नाव असतं. डॉर्मन लाँग असेल तर इंग्लंडमधल्या मिडल्सबरोचा माल, टिस्को असेल तर जमशेदपूरचा. टाटांच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागलं, म्हणजे टिस्कोचा गर्डर त्याआधीचा असूच शकत नाही. पत्र्याच्या आधी कौलं असतील आणि कुठे माळ्यावर तुकडे पडले असतील, तर त्यांची पाठ बघा. मंगलोरी कौलावर बासेल मिशन या मिशनऱ्यांच्या कौल-कारखान्यांचा ठसा असेल तर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा माल. युद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि ठसा बदलला.

आणि खिडक्यांच्या खालच्या कडेची उंची जमिनीपासून मोजा, रंगमंचाजवळ एकदा आणि मागच्या दाराजवळ एकदा. का ते मोजल्यावर सांगते.

सातपुडा

सगळ्यांचा आदर ठेवून विचारतो. हे करून होणार काय? मी त्याच पट्ट्यातला. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे शिक्षा होती. ४४-४५ अंशांत दुपारचा खेळ, वर चार पंखे, खुर्च्यांत ढेकूण. आमच्या गावच्या शाळेच्या दोन वर्गांना नीट छप्पर नाही आणि आपण बंद थेटराच्या खिडक्या मोजायच्या? मालकाला दुकानांचे गाळे काढू द्या, चार पोरांना रोजगार मिळेल.

तापीकाठ

सातपुडा भाऊ, गाळे काढायला माझा विरोध नाही. पण बाजारपेठेतल्या दोनशे माणसांना एका छताखाली बसवणारी त्या गावातली पहिली मोठी जागा कशी बांधली, हे कागदावर उतरवायला एक रविवार लागतो, आणि तेवढ्यानं कुणाचा गाळा अडत नाही. शाळेच्या छपराचा विषय वेगळा धागा काढून मांडा, मी तिथेही येतो.

रेखाटन ताई, खिडक्या मोजल्या. रंगमंचाजवळ खिडकीची खालची कड जमिनीपासून ६ फूट वर, मागच्या दाराजवळ अडीच फूट. कैच्या सागवानी आहेत, बोल्ट चौकोनी डोक्याचे.

रेखाटन

वा! हेच हवं होतं. सगळ्या खिडक्या एका पातळीत आहेत आणि जमीन तेवढी उतरती आहे. म्हणजे मूळची जमीन सपाट होती, मागच्या दाराच्या पातळीला. नाटकासाठी रंगमंच उंच असतो, त्यामुळे प्रेक्षकांना उतार नसला तरी चालतं, पुढे जाजमं आणि मागे खुर्च्या मांडल्या की झालं. सिनेमाला ते चालत नाही, पुढच्याचं डोकं सरळ चित्रात येतं. म्हणून रंगमंचाच्या बाजूनं साडेतीन फूट माती काढून उतार केलेला दिसतो. पुढच्या भिंतींच्या तळाशी पायाचे ओबडधोबड दगड उघडे पडलेत का बघा, कारण पाया दिसण्यासाठी घडवलेला नसतो.

बुजवलेल्या खिडक्याही त्याच गोष्टीचा दुसरा भाग. नाटकाला वारा हवा, उजेडाची अडचण नाही. दुपारी सिनेमाचा खेळ लावायचा तर उजेड नको. मग खिडक्या बुजवल्या, वारा गेला, आणि सातपुडा म्हणतात तो उकाडा तिथून सुरू झाला. मूळ इमारत इतकी तापत नसणार. दोन फुटी दगडी भिंत, कौलारू छप्पर आणि आरपार खिडक्या ही खानदेशच्या उन्हाला धरूनच केलेली रचना होती.

कार्बनआर्क

मी वेगवेगळ्या टॉकीजांत ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. या धाग्यात केबिनचं, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवायच्या खोलीचं, कुणीच काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते सिनेमाच्या इमारतीचा जीव केबिनमध्ये असतो. पडदा नाटकालाही असतो, बाल्कनी नाटकालाही असते. केबिन फक्त सिनेमाला.

जुनी फिल्म नायट्रेटची. ती पेटली की विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या अंगातच असतो. पाण्याखालीसुद्धा जळते. १८९७ साली पॅरिसला धर्मादाय बाजारात सिनेमाच्या मशीनच्या दिव्यापासून आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. मग जिकडेतिकडे कायदे झाले. विलायतेत १९०९ चा, आपल्याकडे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा. जिल्हा मॅजिस्ट्रेटचा परवाना असल्याशिवाय खेळ नाही, आणि आगीचा बंदोबस्त असल्याशिवाय परवाना नाही.

म्हणून केबिन ही इमारतीत असून इमारतीपासून तोडलेली खोली असते. तिचा जिना बाहेरून, बहुतेक लोखंडी. प्रेक्षकांच्या जिन्यावरून ऑपरेटर जात नसे. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, पत्रा ठोकलेलं. आतलं छत स्लॅबचं. समोरच्या भिंतीला भोकं, दोन मशीनची आणि त्यांच्या शेजारी बघायची. प्रत्येक भोकावर लोखंडी झाकण साखळीनं टांगलेलं. त्या साखळीत एक कडी अशा धातूची, की थोड्या उष्णतेनं वितळावी. आग लागली की कडी वितळते, झाकण आपोआप खाली पडतं आणि आग केबिनमध्येच कोंडली जाते. प्रेक्षक वाचावेत अशी ती मांडणी. आतल्या माणसानं बाहेरच्या जिन्यानं पळायचं.

छताला धुराड्याचं भोक असेल. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी धरून उजेड करायचा, त्याचा धूर आणि वाफारा वर जायला हवा. कांडी जळत जाते तसं अंतर वाढतं, ते काळ्या काचेतून बघत हातानं सारखं जुळवत राहायचं. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं. संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल. खाली बसलेल्यांना कळता कामा नये. मशीन ज्या चौथऱ्यावर उभं असतं त्याला पुढे उतार दिलेला असतो, कारण केबिन उंचावर आणि पडदा खाली. तो उतार मोजून घ्या, त्यावरून पडदा मुळात कुठे होता ते निघेल.

रिळांच्या पेट्या भुसावळहून यायच्या. सेंट्रल सर्किटची, म्हणजे आमच्या चित्रपट वितरण विभागाची, सिने असोसिएशन भुसावळचीच, वितरकांच्या कचेऱ्याही तिथे. गाडी उशिरा आली की खेळ उशिरा, आणि सगळं गाव स्टेशनाकडे बघत बसलेलं.

खान्देशी पोऱ्या

राम राम भो. मना मोठा आबा तठे गेटवर व्हता. आते तो नही, पन त्यानी सांगेल गोट माले याद शे.

आबा सांगायचा, मागच्या अंगाला इंजिनाची खोली होती. गावात वीज यायच्या आधी त्या इंजिनावर थेटर चालायचं. ते सुरू झालं की आवाज पार नदीपर्यंत जायचा आणि लोक जेवणं आटोपून निघायचे. वेगळी जाहिरात लागत नसे. खोली अजून असेल तर तेही मोजा.

तापीकाठ

आहे! मागच्या अंगणात पत्र्याची खोली आहे. आत मध्येच एक सिमेंटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले जाड बोल्ट. ते काय असावं हे कळत नव्हतं, आज कळलं.

जिनिंगवाला

तो इंजिनाचाच पाया. खोलीच्या जमिनीपासून तो फटीनं सुटा ठेवलेला असेल, म्हणजे हादरे भिंतीत जात नाहीत. जिनिंगमध्ये अगदी असंच असतं. बोल्टांमधली अंतरं आडवी-उभी मोजून ठेवा, त्यावरून इंजिन केवढं होतं याचा अंदाज मी काढून देतो.

नाद

आवाजाबद्दल थोडं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये आलम आरा लागला आणि पुढच्या काही वर्षांत देशभरच्या मूकपटांच्या जागांसमोर एक नवी अडचण उभी राहिली. मूकपटाला पुढे बसून पेटी-तबला वाजवत असत, दगडी भिंतींत तो घुमला तरी कानाला बरा वाटे. बोलणं घुमलं की शब्द कळत नाहीत.

तुमच्या मापांवर हिशेब करून बघितला. आवाज पडद्याकडून निघाला, ७८ फुटांवरच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला, तर जाऊन-येऊन साधारण ४८ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर ०.१४ सेकंद. एवढा उशीर झाला की पुढच्या रांगांतल्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागची भिंत आणि बाल्कनीचा पुढचा कठडा यांवर काहीतरी मऊ ठोकलेलं असणारच. गोणपाट, काथ्या, भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे तक्ते असं काही. लाकडी पट्ट्यांच्या खुणा किंवा ओळीत खिळे दिसतील.

याचं शास्त्र घातलं हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी, १८९५ च्या सुमारास. एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या नाटकघरातल्या गाद्या रात्री आणून, मांडून, आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजलं. माणसाचं अंगही गादीसारखाच आवाज शोषतं. म्हणूनच रिकाम्या टॉकीजात खेळ घुमतो आणि हाऊसफुल्लला तोच खेळ स्वच्छ ऐकू येतो. कार्बनआर्क काकांनी हे हजारदा अनुभवलं असेल.

कार्बनआर्क

अगदी बरोबर. पहिल्या खेळाला गर्दी नसली की आवाज कमी ठेवायचा आणि रात्रीच्या खेळाला वाढवायचा, हे आम्ही कानानं शिकलो. त्यामागचा हिशेब आज समजला.

केळीचं पान

इथे बायकांच्या बसण्याचं कुणी विचारलेलं नाही. माझी आजी तिच्या दोन जावांबरोबर बैलांच्या दमणीतून सिनेमाला यायची. आमच्या भागातल्या जुन्या टॉकीजांत बायकांचा जिना वेगळा असे, आणि तो रस्त्यावर नाही तर गल्लीत उघडे. तिकिटाची खिडकीही त्यांची वेगळी. बाजारपेठेच्या तोंडावर, पुरुषांच्या रांगेत घराण्यातल्या सुना उभ्या राहणार नाहीत, हे बांधणाऱ्याला माहीत होतं. त्यांना आत आणल्याशिवाय पौराणिक सिनेमाला गर्दी होणार नाही, हेही माहीत होतं.

तापीकाठ दादा, गल्लीच्या बाजूला जिना आहे का? असेल तर त्याच्या पायऱ्यांची उंची मोजा. पुरुषांच्या जिन्यापेक्षा ती कमी असेल तर नऊवारी, कडेवर मूल, हातात पोळ्यांचा डबा हे सगळं धरून चढणाऱ्या बायकांचा विचार झालेला होता. आणि बाल्कनीच्या कठड्याला पडद्याच्या दांड्या अडकवायचे आकडे बघा. दिवे असेपर्यंत पडदा ओढलेला आणि अंधार झाला की बाजूला, असं आजी सांगायची.

तापीकाठ

ताई, जिना आहे, गल्लीतच आहे. पुरुषांच्या जिन्याची पायरी साडेसात इंच, या जिन्याची सहा. कठड्याला पितळी आकडे आहेत, चार शिल्लक, बाकीच्यांची नुसती भोकं. मी ते आकडे आजवर दिव्यांच्या माळांसाठीचे समजत होतो.

आज केबिनमध्येही गेलो. लोखंडी जिना बाहेरून आहे, वरच्या तीन पायऱ्या गंजून गेल्यात, शिडी लावून चढलो. दार पत्र्याचं, बाहेर उघडणारं. समोरच्या भिंतीत चार भोकं, दोघांवर झाकणं अजून टांगलेली. साखळीतली एक कडी वेगळ्या धातूची आहे. पांढरट, मऊ, नखानं ओरखडा उठतो. तिच्यावर कुणी तरी निळा रंग मारलाय, आणि तिच्या वरची-खालची लोखंडी कडी गंजलीय तशी ती गंजलेली नाही. भिंतीवर कोळशानं लिहिलेले आकडे आहेत, ओळीत, रिळांच्या वेळा असाव्यात. खाली जमिनीवर कार्बनची थोटकं, तांब्याचा पातळ मुलामा असलेली. एक उचलून मालकांच्या हातात दिलं, त्यांनी ते खिशात ठेवलं.

बाल्कनीखालच्या दोन गर्डरांवर टिस्को वाचता येतं. रंगमंचाच्या माळ्यावर कौलांचे तुकडे मिळाले, एकावर बासेल मिशन स्पष्ट आहे.

रेखाटन

म्हणजे कौलं पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या मालाची. एका कौलावर सगळा डोलारा उभारता येत नाही, जुनं कौल दुसरीकडून आणूनही टाकतात. पण सपाट जमीन, खोल रंगमंच, कप्प्या, चुन्यातला दगड आणि हे कौल सगळे एकाच दिशेला बोट दाखवतात. आधी नाटकघर, मग सिनेमासाठी उतार आणि टिस्कोच्या गर्डरवरची बाल्कनी, मग दर्शनी भाग. केबिन बाल्कनीबरोबरची का दर्शनी भागाबरोबरची, हे दोन भिंतींच्या सांध्यावर कळेल. एकत्र बांधलेल्या भिंतींचे थर एकमेकांत घुसलेले असतात, मागाहून जोडलेल्या भिंतीला सरळ उभी फट असते.

अजून एक टप्पा असणार, तो पडद्याच्या चौकटीचा. तिची रुंदी किती, आणि बाजूचे खांब तोडल्याच्या खुणा आहेत का?

तापीकाठ

चौकट आता ३० फूट. दोन्ही बाजूंना खांब कापल्याच्या खुणा स्पष्ट, मधलं जुनं अंतर २० फूट भरतं.

नाद

हे स्कोपसाठी, म्हणजे रुंद चित्राच्या सिनेमास्कोपसाठी केलेलं. २० फुटांच्या चौकटीत १८ फुटांचा पडदा धरला तर जुन्या ४:३ मापाचं चित्र साडेतेरा फूट उंच दिसतं. सिनेमास्कोप २.३५ ला १, त्याच १८ फुटांत ते जेमतेम पावणेआठ फूट उंच होतं. मोठा म्हणून गाजावाजा झालेला सिनेमा पडद्यावर बुटका दिसला असता. आपल्याकडचा पहिला स्कोप चित्रपट १९५९ चा ‘कागज के फूल’, म्हणजे खांब त्यानंतर कापले गेले असणार.

सातपुडा

वाचतोय सगळं. उकाड्याचं कारण बुजवलेल्या खिडक्या, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. एक व्यवहाराचा प्रश्न आहे. याची नोंद अधिकृत कुठे होते? पुरातत्त्व खात्याला कळवलं तर मालक अडकतील का? ती भीती त्यांना असणार.

रेखाटन

चांगला प्रश्न. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांपुढच्या वास्तूंना लागू होऊ शकतो, पण सरकारनं रीतसर अधिसूचना काढल्याशिवाय कुठलीही वास्तू संरक्षित होत नाही. आपण मापं घेतली, नकाशे काढले, म्हणून मालकांवर काहीही बंधन येत नाही. हे त्यांना लेखी द्या. नकाशांची एक प्रत त्यांना आणि एक गावच्या वाचनालयाला. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळालाही विचारून बघू.

जुना कागद मिळण्याची खरी जागा म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक कर शाखा. हा कर मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्यानं आला आणि २०१७ साली जीएसटीत विरला. परवान्याच्या अर्जाला इमारतीचा नकाशा जोडावा लागे, त्यामुळे जुन्या फायलींत तो असण्याची आशा आहे. नगरपालिकेकडे बांधकाम परवानगी, सिटी सर्व्हेकडे मिळकत पत्रिका. मालकांच्या सहीनं अर्ज केला तर काम लवकर होतं.

आता सुरक्षेचं, आणि हे नीट वाचा. केबिनच्या आतल्या बाजूला किंवा छताला राखाडी तक्ते असतील तर ते ॲस्बेस्टॉस समजा. खरवडू नका, भोक पाडू नका, तुकडा घरी नेऊ नका. बाल्कनीत एका वेळी दोनच माणसं, तीही गर्डरच्या रेषेवर. रंगमंचाच्या फळ्यांवर पाय देण्याआधी खालून कुणी तरी बॅटरीनं बघा. त्या गंजलेल्या लोखंडी जिन्यावर कुणीही चढू नये.

केळीचं पान

गल्लीतला जिना आणि बाल्कनीची बायकांची बाजू मी मोजते. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या आजींना विचारूनही ठेवलंय. त्या येऊन जागा दाखवतील, कोण कुठे बसायचं ते सांगतील. त्यांच्यासाठी खाली खुर्च्या लागतील.

कार्बनआर्क

मीही येणार. गुडघ्यामुळे वर चढता येणार नाही. खाली बसून सांगतो, वरून तुम्ही मोबाईलवर केबिन दाखवा. ती मऊ धातूची कडी काढू नका, झाकणासकट फोटो घ्या. आणि भिंतीवरचे कोळशाचे आकडे पुसू देऊ नका, रिळांच्या वेळा आहेत का गल्ल्याचा हिशेब, ते मी सांगू शकेन.

तापीकाठ

मालकांशी बोलणं झालं. पत्रे उतरवणारा ठेकेदार महिनाअखेरीस येतोय, त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला कुलूप उघडतील. दुपारी अकरानंतर आत थांबवणार नाही, पत्रा तापतो.

जिनिंगवाला दादा २० फुटी शिडी आणि दोर आणतायत, आणि कैच्यांचं व इंजिनाच्या पायाचं काम त्यांचं. रेखाटन ताई आदल्या रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसनं निघतायत, त्यांना सकाळी स्टेशनवरून घ्यायला मी जातो. नाद मागची भिंत बघतील. खान्देशी पोऱ्या, तू बाहेरच्या गल्लीची आणि दर्शनी भागाची मापं घे, तुझ्याबरोबर कॉलेजची दोन मुलं देतो. ३० मीटरच्या दोन फिती माझ्याकडे आहेत, तिसरी कुणाकडे असेल तर आणा. सातपुडा भाऊ, तुम्ही जवळच आहात, आलात तर बुजवलेल्या खिडक्यांचं काम तुमच्याकडे देतो. तेरा आहेत, एकेकीची उंची, रुंदी आणि कमानीचा बाक.

सातपुडा

येतो. आजींसाठी खुर्च्या आमच्या मंडळाच्या आणतो, टेम्पो आहे.

तापीकाठ

मग ठरलं. पिण्याचं पाणी आणि टोपी आपापली आणा, आतला नळ बंद आहे.